नाव कोठे बांधावी? : नागपूरच्या एका बुडालेल्या जलमार्गाच्या निमित्ताने

नागपूरच्या माणसाने नौकाबांधणीवर लिहावे, हे प्रथमदर्शनी थोडे विनोदीच वाटेल. दोन्ही समुद्र येथून सारखेच दूर. शहराच्या मध्यावर 'झिरो माइल'चा स्तंभ आहे, आणि ज्या नदीवरून शहराला नाव मिळाले त्या नाग नदीत कागदाची होडीही आज धड पुढे जाणार नाही. तरीही एकोणिसाव्या शतकात एक काळ असा होता की या प्रांताचा कापूस होड्यांतून बंगालच्या उपसागरापर्यंत न्यायचा बेत पक्का झाला होता. त्यासाठी खडक फोडले गेले, कालवे खणले गेले आणि शेवटी १८७१ साली ते सारे जिथल्या तिथे सोडून देण्यात आले. या फसलेल्या जलमार्गाविषयी जे काही लिहिले गेले आहे ते मुख्यतः खर्च, पाणी आणि खडक यांविषयी आहे. प्रस्तुत लेखात एक वेगळा, काहीसा सुतारकीतला प्रश्न विचारून पाहायचा आहे : या जलमार्गावरच्या नावा कोठे बांधल्या जाणार होत्या?

हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. नाव बांधणाऱ्याला सर्वांत आधी जागाच ठरवावी लागते, आणि त्या एका निर्णयात पुढचे बरेच काही ठरून जाते.

*

प्रथम अगदी साधे, आपल्यापासून दूरचे उदाहरण घेऊ. इंग्लंडमधल्या जुन्या कालव्यांवर चालणाऱ्या अरुंद होड्या असतात. त्यांची रुंदी जेमतेम सात फूट, कारण कालव्यांवरचे लॉक तेवढेच रुंद आहेत. (लॉक म्हणजे दोन टोकांना दारे असलेला हौद. त्यात पाणी भरून वा सोडून होडी वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर नेतात.) आज तेथे अनेक हौशी माणसे होडीचा नुसता पोलादी सांगाडा विकत घेतात आणि आतले लाकूडकाम, नळकाम, विजेचे काम स्वतः करतात. त्यांच्यापुढे पहिला पेच जागेचाच असतो. घराच्या अंगणात काम करावे तर हत्यारे हाताशी राहतात, पण पाणी दूर राहते आणि पुढे क्रेन व ट्रकचा खर्च येतो. कालव्याच्या काठी करावे तर छप्पर नसते. कारखान्याच्या आवारात करावे तर भाडे पडते, पण अडल्यानडल्याला शेजारी एखादा जाणता कारागीर असतो.

या प्रकारातले वाङ्मयाच्या वाचकाला परिचित असलेले नाव म्हणजे एल. टी. सी. रोल्ट. १९३९ साली त्यांनी 'क्रेसी' नावाची जुनी लाकडी होडी राहण्याजोगी करून घेतली, ती ऑक्सफर्ड कालव्यावरच्या बॅनबरी येथील टूली कुटुंबाच्या होडी-दुरुस्तीच्या आवारात. त्या प्रवासावरचे त्यांचे 'नॅरो बोट' हे पुस्तक १९४४ मध्ये निघाले आणि मरणपंथाला लागलेल्या कालव्यांकडे इंग्रजी वाचकाचे लक्ष गेले. १९४६ मध्ये कालवे वाचवण्यासाठी जी संस्था स्थापन झाली तिच्या संस्थापकांत रोल्ट होते. रोल्ट स्वतः अभियंता होते, सोय तर त्यांना कोठेही करता आली असती. पण कालव्यावर पोट असणाऱ्यांच्या होड्या जेथे दुरुस्तीला येत तेथेच त्यांनी आपली होडी नेली. त्यांच्या पुस्तकात कालव्यावरच्या माणसांविषयी जे ज्ञान आणि जो जिव्हाळा आहे त्याची मुळे या निवडीत असावीत, असे मला वाटते. आवारासोबत शेजारही मिळतो, आणि पुष्कळदा शेजारच अधिक मोलाचा असतो.

*

आता आपल्याकडे येऊ. मराठी इतिहासात हा पेच सर्वांत ठळकपणे दिसतो तो शिवकाळात. १६५७ च्या अखेरीस कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि १६५९ च्या सुमारास तेथील खाडीत लढाऊ जहाजे बांधण्याचे काम सुरू झाल्याचे पोर्तुगीज कागदपत्रांतून कळते. जागा उत्तम होती. मागे सह्याद्रीच्या उतारावरचा साग, पुढे भरती-ओहोटीची खाडी आणि भोवती जहाजबांधणी जाणणारी वस्ती. कामावर रुय लैतांव व्हियेगश हा पोर्तुगीज कारागीर आपल्या माणसांसह होता.

परंतु या जागेत एक मोठे वैगुण्य होते. उल्हास नदीची खाडी ठाण्याजवळ फुटते. एक वाट वसईकडे जाते, दुसरी मुंबईकडे, आणि त्या वेळी दोन्ही वाटांच्या तोंडाशी पोर्तुगीज बसले होते. लाकूड आपले, घाट आपला, पण बाहेर पडण्याचे दार दुसऱ्याचे. हातही काही अंशी दुसऱ्याचेच होते. पोर्तुगीज अधिकाऱ्यांना या बांधणीतला धोका कळताच त्यांनी व्हियेगश आणि त्याच्या माणसांना फितवून काम सोडायला लावले. आरमार त्यामुळे थांबले नाही, ही गोष्ट महत्त्वाची. काम स्थानिक हातांनी पुढे नेले. पुढच्या काळात आरमाराचा भार दक्षिणेकडे सरकला. १६६४ मध्ये मालवणच्या बेटावर सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले, आणि अठराव्या शतकात विजयदुर्गाजवळ वाघोटन खाडीच्या आत, गिर्ये येथे खडक खोदून केलेली गोदी मराठी आरमाराची दुरुस्तीची जागा बनली. खुल्या समुद्रावरून ती दिसत नाही, भरतीच्या पाण्याने जहाज आत येते आणि तोंडाशी किल्ला पहाऱ्याला उभा. कल्याणच्या जागेत जे उणे होते ते येथे भरून निघालेले दिसते.

रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'कडे आपण बहुधा राजनीतीचा किंवा गद्यशैलीचा नमुना म्हणून पाहतो. पण आरमाराविषयीचा त्याचा भाग नाव बांधणाऱ्याच्या नजरेने वाचून पाहावा. सागवानासारखी लाकडे राज्यातल्या अरण्यात असतील ती परवानगीने तोडावी, कमी पडेल ते परमुलखातून विकत आणावे, आणि आंबा-फणसाची झाडे मात्र तोडू नयेत, कारण ती रयतेने लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात, असा त्याचा आशय आहे. या भागाला आज पर्यावरणविचार म्हणून गौरवले जाते, ते योग्यच आहे. माझ्या वाचनात मात्र तो आधी गोदीच्या शेजाराचा विचार आहे. जेथे जहाज बांधायचे तेथल्या माणसांची झाडे आपण तोडली, तर ती माणसे त्या जहाजाला आपले म्हणणार नाहीत.

तिसरे उदाहरण मुंबईचे. १७३६ साली ईस्ट इंडिया कंपनीने लवजी नसरवानजी वाडिया या सुरतेच्या पारशी कारागिराला मुंबईत आणले. सुरतेत कौशल्य पिढ्यान्‌पिढ्या होते, पण तापीचे मुख गाळाने भरत होते. मुंबईत खोल बंदर होते आणि कोरड्या गोदीला पुरेल एवढी भरती-ओहोटी होती. लाकूड दोन्हीकडे बाहेरूनच यायचे. तेव्हा कंपनीने पाणी होते तेथे हात हलवले. त्या हातांच्या पुढच्या पिढीतल्या जमशेटजी बमनजींनी बांधलेले 'त्रिंकोमाली' हे १८१७ चे सागवानी लढाऊ जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगते आहे.

या तिन्ही उदाहरणांत चार गोष्टींचा हिशोब आहे : लाकूड, पाणी, हात आणि वाट. चारही एकाच जागी क्वचित मिळतात. कोणती जागच्या जागी घ्यायची आणि कोणती बाहेरून आणायची, यातच जागेची निवड असते. या चारांच्या चौकटीतून आता नागपूरकडे पाहू.

*

नागपूरला समुद्र कधीच नव्हता, असे मात्र नाही. १७५१ मध्ये अलीवर्दीखानाशी झालेल्या तहानंतर कटकचा मुलूख रघूजी भोसल्यांच्या अमलाखाली आला आणि १८०३ च्या देवगावच्या तहाने तो इंग्रजांकडे गेला. म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ ओडिशाचा किनारा, बालासोरसारख्या बंदरासह, नागपूरकरांचा होता. पण नागपूरकर भोसल्यांचे नाव आरमारासाठी कोणी घेत नाही. किनारा महसुलाचा राहिला. लाकूड, पाणी, वाट सारे हाताशी असताना तेथे नाव बांधण्याची गरज नागपूरच्या दरबाराला भासलेली दिसत नाही. ताबा असणे आणि वापर करणे यांत किती अंतर असते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

१८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये नागपूर ही नव्या मध्य प्रांताची राजधानी झाली. प्रांताजवळ विकण्याजोगी वस्तू होती ती कापूस, आणि हिंगणघाटच्या कापसाचे नाव तर मँचेस्टरपर्यंत पोचलेले. त्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानातल्या कापसाचे भाव चढले. पण हा कापूस किनाऱ्यापर्यंत न्यायचा कसा? बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून, महिनोन्‌महिने.

येथे नकाशा डोळ्यांसमोर आणावा. नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. वर्धा पश्चिमेकडून येते. वर्धा आणि वैनगंगा एकत्र आल्या की त्यांची प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. तेथून पुढे भद्राचलम, राजमहेंद्री आणि समुद्र. म्हणजे नागपूरचे पावसाचे पाणी आपसूक बंगालच्या उपसागराला जाते. पाणी जाते तर कापूस का जाणार नाही, असा हा सरळ, मोहक विचार होता.

त्या विचाराचा आग्रही पुरस्कर्ता होता आर्थर कॉटन. राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरम येथे गोदावरीवर त्याने बांधलेला बंधारा १८५२ मध्ये पुरा झाला होता आणि त्रिभुज प्रदेशातल्या कालव्यांतून शेतीला पाणी व होड्यांना मार्ग अशी दोन्ही कामे साधली होती. रेल्वेपेक्षा जलमार्ग स्वस्त पडतो, हे कॉटनने आयुष्यभर मांडले. वरच्या गोदावरीची पाहणी झाली, हेग या अभियंत्याकडे काम आले आणि मँचेस्टरच्या कापूस-व्यापाऱ्यांनीही जोर लावला. मध्य प्रांताचा मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल हाही या योजनेचा पुरस्कर्ता होता. निजामाकडून १८६० मध्ये मिळालेल्या मुलखाचा अप्पर गोदावरी नावाचा जिल्हा करून सिरोंचा हे त्याचे मुख्य ठाणे केले गेले.

अडचण होती ती खडकांची. नदीच्या वाटेत तीन ठिकाणी खडकाळ टप्पे आडवे आले होते : पहिला भद्राचलमच्या वर दुम्मागुडेम येथे, दुसरा सिरोंचाच्या खाली इंचमपल्ली येथे आणि तिसरा प्राणहितेवर अहेरीजवळ देवलमरी येथे. प्रत्येक टप्प्याला वळसा घालणारा कालवा खणायचा आणि त्यावर लॉक बांधून होडी वर चढवायची, अशी योजना होती. काम खालून वर चालले. पण पाऊस सरला की नदी उथळ होई, खर्च वाढत गेला आणि १८६७ मध्ये मुंबईकडून आलेली रेल्वे नागपूरला पोचली. कापसाला पश्चिमेची वाट मिळाली. ऑक्टोबर १८७१ मध्ये योजना सोडून देण्यात आली आणि १८७४ मध्ये अप्पर गोदावरी हा जिल्हाही चांदा जिल्ह्यात विलीन झाला. जिल्हा निर्माण होतो, नकाशावर चौदा वर्षे राहतो आणि पुसला जातो. सरकारी नकाशाइतके चंचल वाङ्मय दुसरे नसेल.

*

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. या मार्गावर चालायच्या नावांचे काय?

चार गोष्टींपैकी लाकूड कोठे होते? अगदी वर, अहेरी-आलापल्लीच्या रानात. तेथला साग नामांकित आहे. पण हा साग बहुधा जागेवर नाव बनत नसे. त्याचे ओंडके तराफे करून प्राणहिता-गोदावरीच्या प्रवाहात सोडत आणि ते खाली आंध्र किनाऱ्याला जात. गोदावरीच्या मुखाशी कोरिंगा आणि नरसापूर ही जहाजबांधणीची जुनी, नावाजलेली ठिकाणे होती. १७८९ आणि १८३९ च्या वादळांनी कोरिंगा उद्ध्वस्त केले, तरी त्या परिसरातली कारागिरी टिकली. धवळेश्वरमला बंधाऱ्याच्या निमित्ताने सरकारी कर्मशाळाही उभ्या राहिल्या. म्हणजे हात, हत्यारे आणि वाट ही सारी खाली, आणि लाकूड तेवढे वर.

जड लाकूड प्रवाहाबरोबर फुकट खाली जाते. कुशल सुतार मात्र प्रवाहाविरुद्ध खडक ओलांडून वर यावा लागतो. तेव्हा नाव खालीच बांधायची, हा निर्णय व्यवहाराला धरूनच होता. कोणताही शहाणा मेस्त्री हेच सांगेल. पण त्या निर्णयात योजनेचा स्वभावही उघड होतो. हा मार्ग नागपूर-चांद्याच्या माणसांनी वापरायचा मार्ग म्हणून कल्पिलेलाच नव्हता. तो येथून माल बाहेर काढण्याचा मार्ग होता. आपल्याच रानातला साग खाली जाऊन नाव होणार, ती नाव वर येऊन आपल्याच शेतातला कापूस खाली नेणार, आणि या येण्याजाण्यात सिरोंचा, अहेरी, चांदा येथे एकही गोदी, एकही सुतारशाळा उभी राहण्याचे कारण नव्हते. म्हणूनच १८७१ मध्ये योजना बंद झाली तेव्हा मागे उरले ते दगडी काम. कल्याणहून पोर्तुगीज कारागीर पळाले तेव्हा तेथे शिकलेले हात उरले होते. येथे तशी काही शिल्लक उरली नाही.

योजना यामुळे फसली, असे मला म्हणायचे नाही. ती खडकांमुळे, उन्हाळ्यातल्या उथळ पाण्यामुळे आणि रेल्वेमुळे फसली, हे इतिहासाने पुरेसे स्पष्ट केले आहे. चिरोल्यातला साग नागपूरच्या वेशीवर आणून जहाजे बांधली असती तरी देवलमरीचा खडक हलला नसता. माझे म्हणणे इतकेच की फसलेल्या गोष्टीही काही मागे ठेवून जातात, आणि काय ठेवून जातात हे पुष्कळदा काम कोठे केले यावर ठरते.

आणि तरीही याच नद्यांवर एक नाव तेव्हाही बांधली जात होती आणि अजून पुरती नाहीशी झालेली नाही. ती म्हणजे डोंगा. झाडाचा जाड बुंधा कोरून केलेली, अरुंद, सुकाणू नसलेली, वल्ह्याने किंवा बांबूने हाकायची. वैनगंगेच्या आणि प्राणहितेच्या काठचा ढीवर समाज तिच्यावर मासेमारी करत आला आहे आणि गडचिरोलीतल्या काही गावांना पावसाळ्यात पैलतीर गाठायला आजही तिचाच आधार असतो. डोंग्याच्या बाबतीत जागेचा पेचच नसतो. झाड, हात आणि पाणी यांच्यात फारसे अंतर नसते, नाव बांधणारा आणि चालवणारा पुष्कळदा एकच असतो, आणि भेग पडली तर ती बुजवायला त्याला धवळेश्वरमकडे पाहावे लागत नाही. या नावेचा गौरव करताना भाबडेपणा मात्र नको. डोंगा उलटून माणसे दगावल्याच्या बातम्या दर काही वर्षांनी येतात, आणि ज्या गावाला पूल हवा आहे त्याच्यापुढे डोंग्याचे सौंदर्य वर्णन करणे हा शहरी उद्धटपणा ठरेल. तरीही एक विसंगती नोंदवावीच लागते. ज्या नदीवर जलमार्ग आखला गेला तिच्यावर आधीपासून नाव चालवणारी माणसे होती, आणि या योजनेच्या लिहिलेल्या इतिहासात ती आपल्याला सहसा भेटत नाहीत.

वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना या ठिकाणी भाषेची बाजूही दिसेल. किनाऱ्याच्या मराठीत गुराब, गलबत, शिबाड, मचवा, पडाव, तरांडे अशी नावांची केवढी श्रीमंती आहे. बखरींत आणि पत्रांत ते शब्द ठायी ठायी येतात, कारण त्या नावा मराठी सत्तेच्या कामी आल्या. वऱ्हाड-नागपूरच्या लिखित मराठीत डोंगा हा एक शब्द त्या मानाने एकटा उभा दिसतो. नदीकाठच्या माणसांच्या बोलीत, त्यातही गोंडी आणि माडिया भाषांत, नावेचे भाग, लाकडाची पारख आणि पाण्याची लक्षणे यांसाठी जे शब्द असतील ते गोळा करणे हे आमच्या विद्यापीठांना सहज जमण्याजोगे आणि तातडीचे काम आहे. गोदी नाही म्हणजे दप्तर नाही, आणि दप्तर नाही म्हणजे शब्दही कागदावर नाहीत.

*

हा विषय आज काढण्याचे कारण केवळ पुराणवस्तुप्रेम नाही. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने देशातले १११ जलमार्ग घोषित केले. त्या यादीत वैनगंगा-प्राणहिता आहे, पैनगंगा-वर्धाही आहे. कॉटनचा नकाशा जणू दीडशे वर्षांनी पुन्हा उघडला गेला. मधल्या काळात नद्याही बदलल्या आहेत. वैनगंगेवर गोसीखुर्दचे धरण आहे. सिरोंचाच्या खाली गोदावरीवर मेडीगड्डाचा बंधारा २०१९ मध्ये सुरू झाला आणि २०२३ च्या ऑक्टोबरात त्याचे काही खांब खचले. खडकांच्या जागी आता माणसाने घातलेले अडसर आहेत. यादीतले मार्ग प्रत्यक्षात कधी उतरतील का, हा भाग वेगळा. पण कधी उतरलेच, तर पाण्याची खोली आणि मालाची टने यांबरोबर कोणीतरी हाही प्रश्न विचारावा की नावा कोठे बांधणार आणि बिघडल्या तर कोण दुरुस्त करणार?

रोल्टने टूलींच्या आवारात होडी नेली, शिवकाळात कल्याणच्या खाडीत परक्या मेस्त्रीशेजारी आपली माणसे कामाला लागली, ढीवराने काठावरच्या झाडाचा बुंधा निवडला. या तिघांच्या काळांत आणि हेतूंत काही साम्य नाही. पण तिघांनीही नाव आणि तिची जाण एकाच ठिकाणी ठेवली. अप्पर गोदावरीच्या योजनेत नाव एकीकडे राहिली, माल दुसरीकडे, आणि ज्यांच्या दारावरून नदी वाहते ती माणसे काठावर उभी राहून पाहत राहिली.

दुम्मागुडेमला जुना बंधारा आणि कालवा अजून आहे. नागपूरहून भद्राचलमला जाणाऱ्याने वाट थोडी वाकडी करून तो पाहावा. मात्र पाहताना पाठीमागे, उत्तरेकडेही एकदा वळून पाहावे. नागपूरचे पाणी तेथून रोजच जात असते.